सलमाबादची मतपेटी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "पाटकर, डिसेंबरात तुम्ही रिटायर होताय, तर मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा. जरा हलकंफुलकं असू द्या, घरातली सगळी वाचतात." मी बरं म्हटलं. लिहायला बसलो आणि सुरुवातीची पानं हलकीफुलकी झालीही. पुढे मात्र डोकं तापलं, त्याला माझा इलाज नाही. छापायचं असेल तर सगळं छापा, नाहीतर सगळंच परत करा.

माझा धंदा पाट्यांचा. मिरजेत दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवत होतो, तिथून बहरीनला आलो तेव्हा पेटीत चार कपडे आणि सात ब्रश होते. ब्रशचा जमाना संपला, मशीन आली, मी ब्रशवाल्याचा मशीनवाला झालो आणि शेवटी सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपचा प्रॉडक्शन मॅनेजर. तुम्ही मॉलमध्ये शिरताना डोक्यावर जी चमचमती अक्षरं बघता, क्लिनिकबाहेर दात दाखवणारी बाई बघता, प्रदर्शनात पुठ्ठ्याचे किल्ले बघता, ते सगळं आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडमधून येतं. पाटी सरळ लागली तर कुणाचं लक्ष जात नाही आणि बोटभर वाकडी लागली तर साऱ्या गावाला दिसते. आयुष्यभर हे असलं काम केलं की माणसाची नजर बिघडते. मी लग्नाला गेलो तरी नवरा-नवरीच्या मागचा बॅनर तिरका आहे का, ते आधी बघतो.

आमच्या धंद्यातली खरी दिवाळी म्हणजे निवडणूक. दर चार वर्षांनी इथल्या संसदेची निवडणूक येते आणि रस्त्याकडेला उमेदवारांचे भलेमोठे चेहरे उभे राहतात. बाहेरच्यांना वाटतं, यात काय आहे, फोटो छापायचा आणि टांगायचा. खरं भांडण वाऱ्याशी असतं. बेट आहे, समुद्रावरून वारा सुटला की ताणून बसवलेला फ्लेक्स शिडासारखा फुगतो आणि लोखंडी चौकटीसकट रस्त्यावर झोपतो. म्हणून खाली काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे आणि फ्लेक्सला जागोजागी अर्धचंद्राच्या आकाराच्या चिरा द्यायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. चीर कुठे द्यायची, हे कळायला वर्षं जातात. नावावर देता येत नाही, चेहऱ्यावर तर मुळीच नाही. आमच्याकडे हे काम विलास तोडकर करायचा. शिडीवर चढून, तोंडात कटर धरून तो आधी त्या चेहऱ्याकडे नुसता बघत राहायचा, मग खांद्याच्या घडीत अशी चीर मारायचा की ती कपड्याची चुणीच वाटावी.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका तरुण उमेदवाराने गालावरचा तीळ काढायला लावला. आमच्या अग्नेलने, म्हणजे वसईच्या आमच्या डिझायनरने, तीळ काढला, वर कातडी गुळगुळीत करून दिली. सगळे बोर्ड उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी उमेदवाराची आई गाडीतून उतरून थेट वर्कशॉपमध्ये. हा माझा मुलगा नाही, म्हणाली. तीळ परत लावल्याशिवाय हलली नाही. अग्नेलने तिच्यासमोर तीळ बसवला, तर ती म्हणते, "आणखी थोडा खाली." सगळे बोर्ड पुन्हा छापले. मुलगा निवडून आला तेव्हा अग्नेल म्हणाला, "त्या तिळाचीच मतं आहेत ही."

हिद्दकडचे एक म्हातारे उमेदवार मात्र मी विसरणार नाही. सगळे त्यांना अबू यूसुफ म्हणत. स्वतः येऊन बोर्ड बघायचे, पोरांबरोबर उभ्याने चहा प्यायचे. एकदा विलास चिरा देत होता, तेव्हा खालून विचारलं, "तुम किसको वोट देता?"

विलास शिडीवरून इथल्या बोलीत 'नाही' म्हणाला, "मफी, बाबा. इधर मफी, उधर भी मफी."

"उधर क्यों मफी? इंडिया तो तुम्हारा मुल्क."

"नाम उधर, आदमी इधर."

म्हाताऱ्याला पटेना. मग मीच समजावलं. आमच्याकडे लोकसभेला मत द्यायचं तर माणसाने स्वतः गावात हजर पाहिजे. याला रजा दोन वर्षांतून एकदा, आणि ती काही निवडणूक बघून मिळत नाही. अबू यूसुफ "ला हौल" असं काहीतरी पुटपुटले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. ते निवडणुकीत पडले. बोर्ड उतरवायच्या दिवशी हलव्याचा डबा घेऊन आले आणि विलासच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हारा काम खडा रहा, हम गिर गया." हरलेला माणूस गाडी काढून पाटी लावणाऱ्याचे आभार मानायला येतो. एवढं मनात ठेवा आणि पुढे वाचा.

इथे येऊन इथल्या संसदेत आम्हाला मत का नाही, अशी तक्रार कुणीच करत नाही. आपण पाहुणे आहोत. भारतातलं मत विमानाच्या तिकिटाला बांधलेलं आहे, त्याबद्दल दिल्लीवर चिडावं तितकं थोडं, पण दिल्ली लांब आहे. राहता राहिलं तिसरं मत. ते देणं पूर्णपणे आपल्या, म्हणजे हा अंक काढणाऱ्या मराठी मंडळाच्या, हातात आहे. आणि तेही आपण देत नाही.

नवीन वाचकांसाठी सांगतो. आखातात ज्याची बायको-मुलं गावी आहेत, त्याला बॅचलर म्हणतात. मग त्याला चार मुलं असोत की नातू झालेला असो. आपल्या मंडळात ज्यांचं कुटुंब इथे राहतं ते कुटुंब सभासद, त्यांना मत. बॅचलर लोकांना सहयोगी सभासद म्हणायचं. ते वर्गणी भरतील, खुर्च्या लावतील, गणपतीची आरास उभी करतील, पण हात वर करणार नाहीत. मीही सुरुवातीची वर्षं कामगारांच्या कॅम्पमध्येच काढली, तेव्हा मला या नियमाचं काही वाटत नव्हतं, कारण मंडळात जायला वेळच नव्हता. पुढे पगार वाढला, वसुधा आली, मुक्ता इथेच जन्मली आणि मी मत असलेला माणूस झालो. माझ्यात अक्कल वाढली असं काही झालं नव्हतं. बायकोचा व्हिसा झाला होता, इतकंच.

विलासची गोष्ट वेगळी झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याच्या खोलीतला शिवा, गडहिंग्लजकडचा वेल्डर, अर्ध्या अंगाने गेला. वाचा गेली, उजवा हात गेला. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण विमानात सोबत कुणीतरी पाहिजे, आणि एअरलाइनला स्ट्रेचरची जागा आधी सांगावी लागेल. आपल्या मंडळाची मदत समिती आहे. तिच्यात डॉक्टर आहेत आणि एअरलाइनमधले गृहस्थही आहेत. मी फोन केला. दोन फोनचं काम होतं. उत्तर मिळालं की समिती कुटुंब सभासदांसाठी आहे, एकाला केलं तर रांग लागेल. रांग लागेल, हे शब्द मी जसेच्या तसे लिहितोय.

शेवटी अग्नेलने एअरलाइनच्या ऑफिसात सकाळ-संध्याकाळ खेटे घालून जागा मिळवली आणि विलास शिवाला घेऊन गेला. त्याची रजा पुढच्या वैशाखात होती, मुलीच्या लग्नाला राखून ठेवलेली. ती त्याने भाद्रपदातच वापरली. कंपनीने दुसरी रजा दिली नाही. मी मॅनेजर आहे, मी मालकाशी भांडलो, तरी नाही दिली. मुलीचं लग्न विलासने सलमाबादला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर बघितलं. अक्षता पडल्या तेव्हा त्याने टेबलावरचा भात उचलून मोबाइलच्या काचेवर टाकला.

संध्याकाळी तो माझ्या केबिनमध्ये आला. "दादा, मला काय पायजे ते सांगू का? त्या मदत समितीत कॅम्पातला एक मानूस बसू दे. एकच. म्हंजे म्होरं कुनी पडला तर त्यो मानूस थितं बोलंल. आमचं आमी बघतोयच की, पर आमास्नी डॉक्टर कुठला घावतोय?"

मी म्हटलं, "वार्षिक सभेत ठराव मांडतो." आणि त्याला वर असंही सांगितलं की या वेळी होईल, काळजी करू नकोस. लोक चांगले आहेत, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

फेब्रुवारीत मंडळाचा वर्धापनदिन. या वर्षी कार्यकारिणीने ठरवलं की काहीतरी वैचारिक करायचं. शंभरेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळासाठी निवडणूक झाली, तेव्हाचं मतदान केंद्र हॉलमध्ये उभं करायचं. आत येणाऱ्याने रांगेत उभं राहायचं, मतदार यादीत आपलं नाव आहे का ते विचारायचं, आणि तेव्हा मत कुणाला होतं ते अनुभवायचं. कल्पना उत्तम होती, आजही म्हणतो. सेट अर्थातच आमच्या वर्कशॉपने उभा करायचा, अर्थातच सेवा म्हणून.

विलास आणि त्याच्या पोरांनी ते शुक्रवारच्या सुट्टीत केलं. लाकडी कठडा, कारकुनाचं मेज, भिंतीवर गोल घड्याळ. मतपेटी विलासने साध्या प्लायची केली आणि रंगाच्या ब्रशने तिच्यावर सागाचे पट्टे असे ओढले की प्रभुदेसाईंनी हात लावून विचारलं, "रिअल टीक आहे का?" प्रभुदेसाई म्हणजे आपले अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे. दाराशी मोठा फलक होता, मजकूर नाईक मॅडमनी लिहिला होता. त्या सचिव. त्यात लिहिलं होतं की तेव्हा जमीनसारा भरणाऱ्यांना मत होतं, प्राप्तिकर भरणाऱ्यांना होतं. कुळाला नव्हतं, मजुराला नव्हतं, बायकांना तर सुरुवातीला नव्हतंच. खाली ठळक अक्षरांत: मूठभरांनी सगळ्यांच्या वतीने ठरवण्याचा तो काळ.

फलक टांगताना विलासने तो सगळा वाचला. तोंडातला स्क्रू हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, ह्यात बॅचलर लिवायचं ऱ्हायलं."

मी हसलो. तो हसत नव्हता.

वर्धापनदिनाला हॉल भरला. प्रभुदेसाई स्वतः पगडी घालून, कानाला टाक लावून कारकुनाच्या मेजावर बसले होते. "सारा भरता का? नाही? मग चला, बाजूला व्हा." लोक खिदळत होते, पगडी घालून फोटो काढत होते. नाईक मॅडमना मेजावरून परत पाठवल्यावर त्यांनी कठड्याशी उभं राहून छोटंसं भाषण केलं. आपल्या पणजीला कुणी विचारलंच नाही, घरासाठी राबली ती आणि ठरवणारे दुसरेच, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी मुक्ता होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "बाबा, धिस इज सो अनफेअर." मी म्हटलं, थांब, संध्याकाळी सभा आहे.

सभा त्याच हॉलमध्ये झाली. सेट काढायला वेळ नव्हता, म्हणून कार्यकारिणी त्याच कठड्याच्या आत बसली. माझा ठराव शेवटी आला. सहयोगी सभासदांना मत द्यावं, आणि मदत समितीत त्यांचा एक माणूस असावा. अनुमोदन अग्नेलने दिलं, तोही कुटुंब सभासद. मी शिवाची गोष्ट सांगितली. लग्नाचीही सांगितली. विलास आणि पोरं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. सभेसाठी नव्हे, नंतर सेट उतरवायचा होता म्हणून.

प्रभुदेसाई पगडी काढून बोलायला उभे राहिले. "पाटकर, सेंटिमेंट मला कळतं. पण आपली संख्या बघा आणि त्यांची बघा. उद्या बस भरून येतील आणि कमिटीच बदलून टाकतील."

मी म्हटलं, "साहेब, त्याला जगभर निवडणूक म्हणतात."

नाईक मॅडम म्हणाल्या, "आपले कार्यक्रम फॅमिली असतात. लेडीज असतात, मुली असतात. बॅचलर क्राउड वाढला तर कम्फर्ट लेव्हल राहत नाही. ती मुलं चांगलीच आहेत, मी त्यांच्याविरुद्ध नाही."

ती मुलं. विलासला पन्नाशी उलटली आहे, त्याची मुलगी सासरी नांदते आहे. आणि कम्फर्ट म्हणाल, तर याच माणसांनी उभारलेल्या स्टेजवर तुमच्या मुली दर वर्षी नाचतात, आणि त्या स्टेजचा एक स्क्रू आजवर कधी ढिला निघालेला नाही. हे मी तिथे मोठ्याने बोललो. माझा आवाज चढला होता, त्याची माफी मागायला मला नंतर सांगण्यात आलं. मागितली नाही. मागणार नाही.

मत हात वर करून झालं. दुपारी पगडी घालून ज्यांनी फोटो काढले, ते हात मांडीवरच राहिले. मला आदल्या दिवशी फोनवर "शंभर टक्के, पाटकर" म्हणणारे मोबाइलमध्ये बघत बसले. वर गेलेले हात मी मोजले नाहीत, मोजण्याइतके नव्हतेच. ठराव पडला. लगेच कठड्याआडून कुणीतरी म्हणालं, "खलास. यल्ला बॉइज, सेट काढायला घ्या, हॉल सोडायचाय."

बॉइज आले आणि काढू लागले. विलासने सवयीप्रमाणे प्रत्येक स्क्रू पिशवीत टाकला, फलक घडी पडू न देता गुंडाळला. कार्यकारिणीच्या खुर्च्या त्यानेच उचलल्या. लोक जेवणाच्या रांगेत गेले. मी, वसुधा आणि अग्नेल राहिलो. वसुधाने घड्याळ उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, "आपल्या एका घरात दोन मतं. अख्ख्या कॅम्पचं मिळून शून्य. लाज वाटते हो." मलाही वाटली. विलाससमोर उभं राहायची तर जास्तच, कारण होईल म्हणून मी सांगितलं होतं. तो मात्र एवढंच म्हणाला, "दादा, ही पेटी भंगारात टाकू का घिऊन जाऊ?"

"घेऊन जा," मी म्हटलं.

पुढे काही आठवड्यांनी त्याने एका शुक्रवारी सकाळी कॅम्पच्या मेसमध्ये बोलावलं. वैनींना पण आणा म्हणाला. गेलो तर मेसमध्ये जेवणाची टेबलं भिंतीला लावलेली, मधे कठडा, आणि मेजावर ती सागाची मतपेटी. कॅम्पमधल्या लोकांनी आपला मदत गट करायचं ठरवलं होतं. दवाखान्यात कुणी जायचं, घरच्यांना फोन कुणी करायचा, विमानात सोबत कुणी जायचं, म्हणजे सगळा भार पुन्हा एकाच माणसाच्या रजेवर पडायला नको. गटातली तिघं मताने निवडायची होती. मी विचारलं, फक्त मराठी लोक का? विलास म्हणाला, "पडताना भाषा बघून कोन पडतंय व्हय?" रांगेत तेलुगू होते, बिहारी होते, दोन बंगाली प्लंबर होते. स्टिकरच्या मागचा जो कागद आम्ही रोज फेकून देतो, त्याच्या चिठ्ठ्या कापल्या होत्या. गंमत म्हणजे कुणी गंमत करत नव्हतं. प्रत्येक जण हात धुऊन, शर्ट नीट करून आत जात होता आणि चिठ्ठी टाकल्यावर क्षणभर पेटीवर तळवा ठेवत होता.

मी आणि वसुधा बाजूला उभे राहिलो. विलास दोन चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे आला.

मी म्हटलं, "अरे, आम्ही इथे राहत नाही. आम्ही फॅमिलीवाले."

"शिवासाटनं फोन तुमी केलासा न्हवं? मग झालं. घाला चिट्टी."

घातली. रिटायर होऊन मी मिरजेला परत जाईन, लोकसभेला मत देईन, बोटाला शाई लावून घेईन. पण त्या सकाळी कागद पेटीच्या फटीतून आत पडला, तसं मत पुन्हा द्यायला मिळेल असं वाटत नाही. निवडून आलेल्या तिघांत विलास होता. एक तेलुगू सुतार होता. तिसरा माणूस शिवाच्या जागी आलेला नवा वेल्डर होता, त्याने निवडून आल्या आल्या विचारलं की दवाखान्याची ड्यूटी कधीपासून.

गेल्या आठवड्यात नाईक मॅडमचा मेसेज आला. आपलं निवडणुकीचं प्रदर्शन सगळ्यांना फार आवडलं, पुढच्या वर्षी ते शाळांमध्येही न्यायचं आहे, सेटचं सामान वर्कशॉपमध्ये असेल ना? कठडा आणि फलक नसले तरी चालतील, पण ती मतपेटी नक्की पाठवा, फोटोत फार छान येते.

मी उत्तर दिलंय, इथेही छापतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. पेटी सलमाबादला आहे आणि धडधाकट आहे. प्रदर्शनासाठी देता येणार नाही. ती वापरात आहे.